बंबाची वाफ, तांब्याचे वेटोळे : कमी खर्चात घरगुती अर्कयंत्र

गवती चहा, रोशा गवत, तुळस, गुलाब अशा वनस्पतींतील सुवास त्यांच्या तेलात असतो. ही तेले एकटी तापवली तर १०० अंशांच्या बरीच पुढे उकळतात आणि तोवर करपतात. पाण्याच्या वाफेबरोबर मात्र ती १०० अंशांच्या आतच निघून येतात. ही वाफ थंड केली की पाणी आणि तेल वेगळे होतात. सुगंधी अर्क काढण्याची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे. त्यासाठी लागणाऱ्या यंत्राचे भाग चारच : वाफ करणारे भांडे, वनस्पती भरायची देग, वाफ थंड करणारे वेटोळे आणि तेल-पाणी निराळे करणारी बाटली. हे चारही भाग घरच्या अंगणात, तांबटाच्या किंवा फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या मदतीने, माफक खर्चात उभे करता येतात.

कनौजचे अत्तरवाले आजही याच तत्त्वावर काम करतात. तांब्याच्या देगीमध्ये फुले आणि पाणी, त्यावर माती-कापसाने बुजवलेले झाकण, बांबूचा चोंगा आणि पाण्याच्या हौदात बसवलेला भपका, म्हणजे अर्क साठवणारे भांडे, अशी त्यांची मांडणी असते. महाराष्ट्रातही ही विद्या परकी नाही. खानदेशात, विशेषतः नंदुरबारच्या परिसरात, रोशा गवताचे तेल काढण्याची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई, आणि तिथून बल्गेरियातल्या गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई. रोशाचा वास गुलाबाच्या इतका जवळचा आहे, की ही भेसळ वर्षानुवर्षे खपून गेली.

कायद्याची बाजू आधी स्पष्ट असावी. याच रचनेच्या यंत्रावर दारूही गाळता येते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहे, आणि त्या हेतूने भट्टी किंवा साहित्य बाळगणे हाही गुन्हाच आहे. गोव्यातली काजूची फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तीही परवान्याखालीच गाळली जाते. इथे वर्णन केलेले यंत्र तेल आणि सुगंधी पाण्यापुरते आहे. त्यात आंबवलेला कोणताही पदार्थ घालू नये.

तांबे कुठे हवे, कुठे नको

संपूर्ण यंत्र तांब्याचे करण्याचा मोह होतो, आणि खर्चाचे गणित तिथेच कोसळते. तांब्याचे भांडे वजनावर विकले जाते, म्हणून आधी वजन काढावे. ३५ सेंमी व्यासाची आणि ४२ सेंमी उंचीची देग घेतली तर तिच्यात ४० लिटर मावतात. तळ, भिंत आणि झाकण मिळून तिला सुमारे ०.६५ चौरस मीटर पत्रा लागतो. २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिमी जाडीचा तांब्याचा पत्रा चौरस मीटरला ८ किलोच्या थोडा वर भरतो. म्हणजे एकट्या देगीला सव्वापाच किलो तांबे झाले, कापातली नासाडी निराळी. वेटोळ्यासाठी अर्धा इंची नळी ५ मीटर घेतली तरी तिचे वजन सव्वा ते दीड किलोच भरते.

तांब्याचे दोन गुण या कामात खरोखर उपयोगी पडतात. एक, उष्णता वाहण्याची ताकद : साध्या पोलादापेक्षा सुमारे आठपट, आणि स्टेनलेस स्टीलपेक्षा वीस-पंचवीसपट. दुसरा, गंधकाच्या दुर्गंधी संयुगांना धरून ठेवण्याचा स्वभाव. ताजा पाला उकळताना शिजलेल्या कोबीसारखा जो उग्र दर्प येतो, तो मुख्यतः गंधकाच्या संयुगांचा असतो. वाफ तांब्याच्या अंगावरून गेली की तो बराच कमी होतो. हे दोन्ही गुण वाफेच्या वाटेत आणि वेटोळ्यात कामी येतात. पाला धरून ठेवणाऱ्या देगीच्या भिंतीला त्यांची तितकी गरज नसते.

म्हणून काटकसरीचा नियम असा : देग स्टेनलेस स्टीलची, झाकण, गळा आणि वेटोळे तांब्याचे, आणि वाफ करायला जुना बंब. केटरिंगवाल्यांकडचे ४० लिटरचे जाड बुडाचे स्टीलचे पातेले देग म्हणून उत्तम चालते. ॲल्युमिनियमचे पातेले मात्र घेऊ नये. पाल्यातील आम्ल त्याला खाते, आणि तांब्याशी ओल्या अवस्थेत संपर्क आला की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते.

बंब

अंघोळीचे पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब पूर्वी घरोघर होता, आणि आता तो माळ्यावर किंवा मोडीच्या दुकानात पडून असतो. यंत्राचा बॉयलर म्हणून त्याच्याइतके सोयीचे दुसरे भांडे नाही. मधोमध धुराडे, भोवती पाणी, खाली जाळी आणि राखेचा कप्पा, बाजूला तोटी. जाळ पाण्याच्या पोटातूनच वर जातो, त्यामुळे लाकडाची बरीचशी उष्णता वाया न जाता पाण्यात उतरते. लाकूड, नारळाची सोडणे, गोवऱ्या आणि अर्क काढून झाल्यावर वाळवलेला पालाही त्यात जळतो. गवती चहाच्या शेतावरच्या मोठ्या भट्ट्यांतही चोथाच इंधन म्हणून वापरतात.

घेताना बंब पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर ठेवावा. सकाळी बाहेर ओल दिसली किंवा राखेच्या कप्प्यात थेंब पडले, तर धुराड्याचा सांधा गेला आहे असे समजावे. जाळ लागणाऱ्या जागेचे सांधे पितळी झाळीचे असावेत. कथलाची डाख २३० अंशांच्या आसपास वितळते, आणि अशा डाखीने दुरुस्त केलेला बंब पाणी कमी झाले की उघडा पडतो. म्हणून धुराड्याला राखाडी, मऊ डाख दिसली तर तो बंब घेऊ नये, किंवा तेवढा भाग नव्याने झाळून घ्यावा. क्षमता २० लिटरच्या आसपास पुरेशी आहे. बॉयलरविषयक कायदा २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे किंवा १ किलो प्रति चौरस सेंमीपेक्षा कमी दाबाचे भांडे बॉयलर मानत नाही. हा बंब दोन्ही अर्थांनी त्या मर्यादेच्या आत राहतो. सुरक्षितता मात्र कायद्याच्या व्याख्येतून येत नाही, ती बनावटीत घालावी लागते.

पाणी ओतण्याच्या वरच्या तोंडावर तांब्याचे झाकण झाळून त्याला तीन वाटा द्याव्यात. पहिली पाऊण इंची नळी वाफ देगीकडे नेते. दुसरी, आटे असलेल्या बुचाची, पाणी भरण्यासाठी. तिसरी वाट म्हणजे सुरक्षा नळी, आणि संपूर्ण यंत्रात हिच्यावर एक पैशाचीही काटकसर करू नये. ती पाऊण इंची सरळ नळी असते, दोन्ही तोंडे उघडी. खालचे टोक बंबाच्या पाण्यात बुडलेले, वरचे टोक पाण्याच्या पातळीपासून ६० सेंमी उंच आणि माणसापासून दूर भिंतीकडे वळवलेले. तिला झडप, बूच किंवा कापडाचा बोळा कधीही लावू नये.

या नळीचे काम समजून घेण्यासारखे आहे. बंबातला दाब वाढला की पाणी तिच्यात वर चढते. १० सेंमी चढलेले पाणी म्हणजे सुमारे ०.०१ किलो प्रति चौरस सेंमी दाब. पाणी ६० सेंमी चढले की ते वरून बाहेर पडू लागते आणि दाब त्यापुढे वाढू शकत नाही. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ३५ सेंमी व्यासाच्या झाकणावर तेवढा दाबही ५५-६० किलोचा जोर लावतो. वाट तुंबली आणि नळी नसली, तर दाब कुठे थांबेल याला धरबंध उरत नाही. याच नळीचा दुसरा उपयोग पातळी दाखवण्याचा. तिचे खालचे टोक बंबाच्या निम्म्या उंचीवर ठेवावे. पाणी त्याखाली गेले की नळीतून वाफ फसफसत निघते. त्याच क्षणी जाळ ओढून काढावा आणि बंब थोडा निवल्यावर गरम पाणी भरावे. धुराडे पाण्याबाहेर उघडे पडले असताना जाळ चालू ठेवणे हे बंब नासण्याचे पहिले कारण असते. तिसरा उपयोग निवतानाचा : जाळ विझल्यावर बंबात पोकळी तयार होऊ लागली तर बाहेरची हवा नळीवाटे आत शिरते आणि पातळ पत्रा चेपत नाही.

देग, गळा आणि झाकण

देगीच्या तळापासून ८ सेंमी उंचीवर स्टीलची भोके पाडलेली चाळणी तीन पायांवर बसवावी. बंबाकडून येणारी नळी भिंतीतून चाळणीखाली आणावी आणि तिथे तिला भोके पाडलेले कडे जोडावे, म्हणजे वाफ एकाच ठिकाणी भोक पाडून वर न जाता सगळीकडून चढते. तळाशी एक छोटी तोटी ठेवावी, कारण सुरुवातीला थंड पाल्यावर वाफेचे पाणी होऊन ते खाली साचते.

झाकण मधोमध उंच, उलट्या वाटीसारखे ठोकून घ्यावे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत किंवा जिथे मठाराचे, म्हणजे पत्रा ठोकून घडवण्याचे, काम होते तिथे असा घुमट सहज घडवून मिळतो. सपाट झाकणावर वाफेचे थेंब जमून पुन्हा पाल्यावर पडतात. उताराच्या झाकणावरून ते कडेने ओघळतात आणि तेलाने भरलेली वाफ मधल्या गळ्यातून पुढे जाते. गळा पाऊण इंचीच असावा, सुरुवातीला थोडा वर चढून मग एकसारखा उतरत जाणारा. मध्ये कुठेही खोलगट वाक राहिला तर तिथे पाणी साठून वाफ अडते.

झाकणाचा सांधा बुजवायला रबर वापरू नये. ही तेले रबर फुगवतात, मऊ करतात आणि त्याचा वास उचलतात. घट्ट मळलेल्या कणकेची वळी कडेने लावून झाकण दाबले की सांधा वाफबंद होतो. वरून तीन-चार हलक्या स्प्रिंगच्या पकडी पुरेत. स्क्रूच्या पकडी लावून झाकण आवळू नये. वाट तुंबलीच तर कणीक आधी सुटावी, हाच तिचा मोठा गुण आहे. आट्यांच्या सांध्यांना टेफ्लॉन टेप चालते.

वेटोळे आणि त्याचे पाणी

वातानुकूलन यंत्रांसाठी मिळणारी मऊ तांब्याची नळी वेटोळ्याला योग्य असते. तिच्यात बारीक कोरडी वाळू दाबून भरावी, दोन्ही टोके बंद करावीत आणि २५ ते ३० सेंमी व्यासाच्या पिंपाभोवती हाताने सावकाश वळवावी. वाळूमुळे नळी चपटी होत नाही. मोडीची नळी कडक झाली असेल तर ती मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावी. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मऊ पडते. वळवून झाल्यावर वाळूचा कणन्‌कण ठोकून आणि पाणी सोडून काढावा.

किती नळी पुरेल, याचा अंदाज उष्णतेच्या हिशेबातून निघतो. १ किलो वाफेचे पाणी होताना २२५७ किलोज्यूल उष्णता सुटते. ते पाणी ४० अंशांपर्यंत उतरवायचे तर आणखी २५० च्या आसपास. घरगुती बंबातून ताशी दोन लिटर अर्क आला तर वेटोळ्याला साधारण दीड किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. अर्धा इंची नळी दोन मीटरमध्येही हे काम करू शकते, पण पाणी गरम होत जाते आणि नळीवर क्षार बसतात. ५ मीटर घेतली म्हणजे काळजी राहत नाही.

पाण्याचाही हिशेब तसाच. ३० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापू दिले तर दर लिटर अर्कामागे २० लिटर पाणी लागते. २०० लिटरचे पिंप एकदा भरले की १० लिटर अर्कापर्यंत नळ उघडावा लागत नाही. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या गावांत हा आकडा महत्त्वाचा ठरतो. गरम पाणी पिंपात वर राहते, म्हणून थंड पाणी तळाशी सोडावे आणि गरम वरून काढावे. तेच बंबात भरले की इंधनही वाचते. वेटोळे पिंपात एकसारख्या उताराने बसवून खालचे टोक भिंतीतून बाहेर काढावे. ते उघड्या हवेतच संपावे. गोळा करायच्या बाटलीतील पाण्यात ते बुडवू नये, नाहीतर यंत्र निवताना बाटलीतले पाणी उलटे आत ओढले जाते.

सांधे

तांब्याला तांबे जोडायला तांबे-फॉस्फरसची कांडी सर्वांत स्वस्त आणि भक्कम पडते. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे ती रोजच्या वापरात असते, आणि तिला वेगळा टाकणखारही लागत नाही. पितळी जोडणी असेल तर मात्र योग्य खार लावावा लागतो, आणि स्टीलला ही कांडी मुळीच वापरू नये. तो सांधा ठिसूळ होतो. स्टीलच्या देगीला तांब्याची नळी आटे आणि नटांनी जोडणे बरे.

शिशाची डाख या यंत्रात कुठेही नको. वेटोळ्यात तर नकोच, कारण तिथे वाफेचे पाणी होते आणि ते सौम्य आम्लाचे पाणी शिसे विरघळवून थेट बाटलीत आणते. जुन्या बाजारातून आयते वेटोळे घेतले असेल आणि त्याचे सांधे कशाचे आहेत हे कळत नसेल, तर ते सांधे कापून नव्याने झाळावेत. चांदीच्या काही कांड्यांत कॅडमियम असते. त्यांचा धूर विषारी असतो, म्हणून कॅडमियमविरहित कांडी मागून घ्यावी आणि झाळकाम उघड्यावरच करावे.

तेल वेगळे करणे

गवती चहाचे तेल पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे ते वर तरंगते. मोठ्या भट्ट्यांत यासाठी खास भांडे असते : पाणी तळातून वाकड्या नळीने बाहेर जाते आणि तेल वर राहते. घरगुती प्रमाणात लांब गळ्याची काचेची बाटली पुरते. अर्क बाटलीत आला की गळ्यापाशी तेलाचा थर दिसतो आणि तो ड्रॉपरने उचलता येतो. लवंगेचे तेल पाण्यापेक्षा जड असते, ते तळाशी बसते. त्यासाठी बाटलीची रचना उलटी हवी. शिवाय तांब्याच्या संपर्काने लवंगेचे तेल काळवंडते, त्यामुळे या यंत्रात लवंग घालू नये.

किती तेल मिळेल, याची अपेक्षा आधीच ठरवलेली बरी. गवती चहाच्या ताज्या पाल्यात तेल साधारण ०.२ ते ०.४ टक्के उतरते. ४० लिटरच्या देगीत चिरलेला पाला ८ ते १० किलो बसतो, म्हणजे एका खेपेला १६ ते ४० ग्रॅम तेल. गुलाबाचे प्रमाण त्याहून कितीतरी कमी : एक किलो तेलासाठी तीन-चार हजार किलो फुले लागतात. घरी गुलाबाचे तेल मिळणार नाही, पण गुलाबपाणी उत्तम मिळते. वाळ्याची मुळे विचार करूनच हाती घ्यावीत. त्यांचे तेल वाफेबरोबर फार सावकाश सुटते आणि भट्टी दिवसभराहून अधिक चालवावी लागते. नवख्याने गवती चहापासून सुरुवात करावी. तो स्वस्त आहे, परसात वाढतो, आणि चूक झाली तर वासावरून लगेच कळते.

पहिली खेप आणि नंतरची

नवे यंत्र आधी दोनदा नुसत्या पाण्यावर चालवावे. झाळकामातली काजळी, तेल आणि खार त्यात निघून जातात. पहिले पाणी किंचित हिरवट-निळे आले तर आत तांब्याचे क्षार आहेत. ते पाणी फेकून द्यावे आणि रंग पूर्ण जाईपर्यंत पुन्हा वाफ सोडावी. याच फेरीत प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून गळती पाहावी.

पाला सकाळी कापून काही तास सावलीत सुकू द्यावा. त्यातले पाणी कमी होते आणि देगीत अधिक पाला बसतो. बोटभर तुकडे करून तो चाळणीवर सारखा पसरावा, मधे पोकळ्या राहू देऊ नयेत आणि ठोकून घट्टही भरू नये. वर थोडी जागा मोकळी सोडावी. बंबात पाणी तीनचतुर्थांश भरून जाळ लावावा. वाफ धरली की जाळ मंद करावा. वेटोळ्यातून पाण्याची बारीक, अखंड धार यावी. धारेबरोबर वाफ फुसफुसत असेल तर जाळ जास्त आहे किंवा पिंपातले पाणी तापले आहे, आणि त्या वाफेबरोबर तेल हवेत चालले आहे. बहुतेक तेल पहिल्या तासाभरात येते. दीड ते तीन तासांनी थर वाढायचा थांबला की खेप संपली. भट्टी चालू असताना यंत्र सोडून जाऊ नये. लहान मुले आणि गुरे सुरक्षा नळीच्या बाजूला फिरकणार नाहीत अशी जागा आधीच निवडावी.

तेल कोरड्या, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत भरून सावलीत ठेवावे. प्लॅस्टिकच्या बाटलीला हे तेल खाते. मागे राहिलेल्या सुगंधी पाण्याला तेलासारखा टिकाऊपणा नसतो. ते उकळून थंड केलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि काही आठवड्यांत संपवावे. बुरशी किंवा तरंगते धागे दिसले तर फेकून द्यावे.

काम संपल्यावर देग, झाकण आणि गळा गरम पाण्याने धुवावा, आणि वेटोळ्यातून दहा मिनिटे नुसती वाफ सोडून मग ते पूर्ण निथळू द्यावे. ओले तांबे बंद ठेवले तर त्यावर हिरवा गंज धरतो, आणि तो पोटात जाणे अपायकारक असते. झाकणाला आतून हिरवट डाग दिसले तर चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासावे आणि खळखळून धुवावे. वेटोळ्यात हात पोचत नाही, म्हणून त्यात लिंबाच्या फुलाचे, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे, सौम्य पाणी अर्धा तास भरून ठेवावे, ते ओतून टाकावे आणि पुन्हा वाफ सोडावी. बंबाच्या तळाशी बसलेला चुना दोन-चार खेपांनंतर त्याच पाण्याने काढावा, कारण चुन्याच्या थराखाली तांबे जास्त तापते आणि सांधे कमजोर होतात. सुरक्षा नळीतून प्रत्येक खेपेआधी पाणी सोडून ती मोकळी आहे की नाही ते पाहावे. पावसाळ्यात यंत्र महिनाभर बंद राहिले असेल तर नळीत कुंभारमाशीने घरटे केलेले आढळते, म्हणून ठेवणीत तिच्या तोंडावर सैल जाळीचे कापड बांधावे आणि जाळ लावण्याआधी ते काढून टाकावे.